दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तर काय करायचं, सीमाभागातल्या आपल्या लोकांसाठी

महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळीकडं जेवायला जायचं आणि रात्री बेळगावला परत येताना पोलिसांनी हात केला की आपल्याकडं पहिला फोन जातो ओळखीच्या माणसाला नाहीतर एजंटला. माझा मावसभाऊ असाच अडकला, त्याच्यामागं कोर्ट आणि आरटीओ फिरून जे कळालं ते लिहितोय.

आधी एक गैरसमज. "माझं लायसन्स एमएच 09 चं (कोल्हापूरचं) हाय, कर्नाटकवाले काय करणार" असं बरेच जण म्हणतात. मोटार वाहन कायदा 1988 हा केंद्राचा, त्यातलं पिऊन गाडी चालवण्याबद्दलचं कलम 185 सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडं पण तेच आणि पलीकडं पण तेच. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं की गुन्हा, बाईक असली तरी. दोन पेग चालतात वगैरे काय नाही, अंगाप्रमाणं फरक पडतो, अंदाजावर जाऊ नका.

मशीनमध्ये फुंकायला सांगितलं तर नवीन नळी लावायला सांगा, आकडा स्वतः बघा, स्लिप निघाली की त्यावरची वेळ बघून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नाही फुंकत म्हणून अडून बसू नका, नकार पण कोर्टात तुमच्या विरोधात जातो (कलम 205) आणि वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. अटक झालीच तर दोन तासाच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला पाहिजे, नाही झाली तर सोडावं लागतं, म्हणून अटकेची वेळ लक्षात ठेवा.

आता कागद. भावानं रात्री साडेअकराला कन्नडमधला कागद न वाचता सही करून खिशात घातला, घडी पण उघडली नाही. त्यात कोर्टाची तारीख होती, ती चुकली आणि वॉरंट निघालं. केसपेक्षा जास्त धावपळ ते वॉरंट रद्द करून घ्यायला झाली. कन्नड वाचायला येत नसलं तर सरळ सांगा, वाचून घ्या, तारीख विचारा, मगच सही करा, आणि घरी आल्यावर कन्नड शाळेत शिकलेल्या पोराकडून परत एकदा वाचून घ्या.

हा गुन्हा जागेवर दंड भरून मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. त्यामुळं रस्त्यावर कुणी पैसे मागितले तर तो दंड नव्हे. पहिल्या वेळेला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा 15,000 किंवा दोन वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. बरेच जण लगेच गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळे होतात, पण ते रेकॉर्डवर राहतं आणि पुढच्या वेळेला "दुसरा गुन्हा" होतो, म्हणून कबुलीच्या आधी वकिलाला स्लिप दाखवा.

खरा मार लायसन्सला बसतो. पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडं पाठवू शकतात, तिथून कलम 19 खाली पहिल्यांदा तीन महिने अपात्र, परत सापडला तर लायसन्स रद्द. पण आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, तर नोटीस आली की लेखी उत्तर द्या. मराठीत तक्रार-अर्ज द्यायचा हक्क घटनेच्या कलम 350 नं दिलाय, तो सोडू नका, तरी या उत्तराला इंग्रजी किंवा कन्नड प्रत जोडा कारण भाषेच्या वादात मुदत निघून जाते. ऑर्डर विरोधात गेली तर अपील 30 दिवसात.

त्या तीन महिन्यात गाडीला हात लावू नका. अपात्र असताना चालवली तर तीन महिन्यापर्यंत कैद किंवा 10,000 दंड किंवा दोन्ही. आणि एजंट म्हणेल महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पत्त्यावर दुसरं लायसन्स काढून देतो, अजिबात ऐकू नका, एका माणसाला एकच लायसन्स, शिवाय अपात्र माणसाला नवीन मिळतच नाही.

पिऊन ॲक्सिडेंट केला तर स्वतःच्या गाडीचा क्लेम इन्शुरन्सवाले नाकारतात. कुणी मेलं तर कलम 185 मागं राहतं, भारतीय न्याय संहितेचं 106 (हयगयीनं मृत्यू), कधी 105 (सदोष मनुष्यवध) पण लागतं.

मुदत संपली म्हणून लायसन्स आपोआप हातात येत नाही, रिफ्रेशर ट्रेनिंग पूर्ण करावं लागतं. भावानं त्यानंतर परिवहनच्या साईटवर स्टेटस बघितलं, ॲक्टिव्ह दिसलं तेव्हाच गाडी बाहेर काढली.