टेबल सॉची फेन्स सरळ लावण्यासाठी घरच्या घरी दोन जिग

टेबल सॉवर कापताना फेन्सच्या (फळी जिला टेकवून पुढे सरकवतात त्या सरळ पट्टीच्या) बाजूच्या तुकड्याची कड काळी पडते, फळी पुढे सरकवताना मधेच जड होते, कापलेल्या कडेवर कमानीसारखे ओरखडे उठतात. अशा वेळी बहुतेक जण आधी ब्लेड बदलतात. पण ब्लेड धारदार असूनही हे होत असेल, तर पहिला संशय फेन्सवर घ्यावा. फेन्स मागच्या टोकाला ब्लेडकडे झुकलेली असली की फळी ब्लेड आणि फेन्स यांच्यात चेपली जाते. ब्लेडचे मागचे दात खालून वर येत असतात. ते चेपलेली फळी उचलतात आणि कापणाऱ्याच्या अंगावर फेकतात. किकबॅकचं (फळी अशी उलटी फेकली जाण्याचं) हे एक मोठं कारण आहे, त्यामुळे हा विषय फक्त सफाईदार कापाचा नाही.

फेन्स तपासायला महागडं उपकरण लागत नाही. जिगचं (अशा कामासाठी घरी बनवलेल्या साध्या साधनाचं) माप अचूक असायचीही गरज नाही, कारण इथे आपण अंतर मोजत नसून दोन जागांच्या अंतरांची तुलना करतो. जिग पुढे जशी होती तशीच मागे पोचली पाहिजे. ती डुगडुगली की सगळं फुकट.

आधी ब्लेड, मग फेन्स

टेबलात कोरलेला माइटर स्लॉट (ब्लेडच्या बाजूची लांब सरळ खाच) जागचा हलत नाही. ब्लेड सरकवता येतं, फेन्सही सरकवता येते. म्हणून दोन्ही स्लॉटलाच समांतर लावायची. फेन्स थेट ब्लेडवरून लावली आणि ब्लेडच स्लॉटला तिरकं असेल, तर सरळ कापताना सगळं ठीक वाटेल, पण माइटर गेजवर (स्लॉटमधून सरकणाऱ्या, फळी आडवी धरायच्या आधारावर) आडवा काप घेतला की तो बिघडेल.

कशालाही हात लावण्याआधी मशीनचा प्लग काढायचा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण या कामात ब्लेड हाताने फिरवावं लागतं.

पहिली जिग: पट्टी, आडवा हात आणि पितळी स्क्रू

सामान थोडकंच आहे. सागवानाची किंवा बीचची ३०० मिमी लांब पट्टी, १८ मिमी प्लायचा ४० मिमी रुंद तुकडा, ८ नंबरचा सव्वा इंची गोल डोक्याचा पितळी स्क्रू, फेविकॉल आणि दोन साधे स्क्रू. शिवाय एक फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचा संच) लागेल. गाड्यांचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तोच, कुठल्याही ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतो.

पट्टीची रुंदी स्लॉटवरून घ्या. पाऊण इंची स्लॉट म्हणजे १९ मिमी रुंद आणि साडेनऊ मिमी खोल, असा सर्वसाधारण हिशोब आहे. तरी आपल्या मशीनचा स्लॉट व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजून घ्या, कारण लहान मशीनमध्ये फरक निघतो. पट्टीची जाडी स्लॉटच्या खोलीपेक्षा अर्धा मिमी कमी ठेवा. ती तळाला टेकली तर जिग टेबलावर सपाट बसणार नाही. स्लॉटमधला भुसा ब्रशने काढा. कडेला रंगाचा थर किंवा धातूची बारीक धार असेल तर कानसेने हलकेच काढून टाका. पट्टी एकदम मापाला न आणता किंचित रुंद ठेवा आणि रंध्याने एकेक पातळ पापुद्रा काढत बसवा. बोटाने ढकलल्यावर सरकली पाहिजे, पण टोक धरून हलवल्यावर खटखट वाजता कामा नये. चुकून सैल झालीच तर एका कडेला सेलोटेप लावली तरी चालते. सरकायला जड वाटली तर मेणबत्तीचं मेण घासा.

आता प्लायचा तुकडा पट्टीवर आडवा चिकटवून दोन स्क्रूंनी आवळा. त्याचं टोक ब्लेडपासून साधारण १५ मिमी अलीकडे यावं. काटकोनाची फार काळजी नको, एखादा अंश इकडेतिकडे झाला तरी तुलनेत फरक पडत नाही. टोकाच्या मधोमध अडीच मिमीचं भोक पाडून पितळी स्क्रू अर्धा आत जाईल इतका फिरवा. पितळच हवं, कारण दाताचं कार्बाइड टणक असलं तरी ठिसूळ असतं आणि लोखंडी स्क्रू आपटला तर त्याचा टवका उडू शकतो. स्क्रू घट्ट बसला पाहिजे. प्लायच्या कडेत तो सैल वाटला तर भोकात फेविकॉलचा थेंब सोडून रात्रभर वाळू द्या.

ब्लेड तपासणं

ब्लेड पूर्ण वर काढा. १० इंची ब्लेड ७५ मिमी वर आलं, की टेबलापासून २०-२५ मिमी उंचीवर पुढचा आणि मागचा दात यांच्यात जवळपास २०० मिमी अंतर मिळतं. जितकं अंतर जास्त, तितकी चूक स्पष्ट दिसते.

दात एक डावीकडे, एक उजवीकडे झुकलेला असतो. जिगच्या बाजूला झुकलेला एक दात निवडून त्यावर मार्करने खूण करा. तो पुढे आणा, स्क्रू फिरवत त्याला जेमतेम टेकवा. मग तोच दात हाताने फिरवून मागे न्या आणि जिगही मागे सरकवा. पुढे एक दात आणि मागे दुसरा मोजणं ही इथली नेहमीची चूक आहे. दातांत आणि ब्लेडच्या सपाटपणात थोडा फरक असतोच, तो तुम्ही समांतरपणाच्या खात्यावर टाकून बसता. दात तोच ठेवला की तो फरक आपोआप वजा होतो.

मागे स्क्रू आणि दात यांच्यात फट दिसली तर फीलर गेजचं पान घालून मोजा. फीलर गेज नसेल तर झेरॉक्सचा साधा ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. एक कागद अडकत जात असेल तर हरकत नाही. दोन कागद सहज गेले तर टेबलाखालचे ट्रनियनचे (ब्लेडचा सांगाडा धरणाऱ्या भागाचे) बोल्ट ढिले करून ब्लेड सरळ करावं लागेल. ते कसं करायचं हे प्रत्येक मशीनच्या पुस्तिकेत वेगळं असतं, ती उघडूनच करा.

मोजताना जिग नेहमी स्लॉटच्या एकाच भिंतीला दाबून धरा. पट्टीत उरलेली बारीकशी ढिलाई यामुळे मोजमापात शिरत नाही. पुढे एका भिंतीला आणि मागे दुसऱ्या भिंतीला दाबली, तर कितीही चांगली जिग खोटं बोलेल.

दुसरी जिग: डायल गेजसाठी धारक

स्क्रूच्या जिगने काम होतं. पण फेन्स पाच-सहा ठिकाणी तपासायची तर डायल गेज (टोकाची दांडी, म्हणजे प्लंजर, किती दाबला गेला ते काट्याने दाखवणारं घड्याळासारखं उपकरण) सोयीचा पडतो. ०.०१ मिमी लीस्ट काउंट (वाचता येणारं सगळ्यात लहान माप), १० मिमी रेंज, ८ मिमीचा स्टेम (प्लंजर ज्यातून सरकतो ती नळी), एवढा साधा गेज पुरे.

पट्टी पहिल्यासारखीच. तिच्यावर १२ मिमी प्लायचा २०० × ८० मिमीचा तळ स्क्रूने बसवा. तळावर १८ मिमी प्लायचा ४५ मिमी रुंद, ६० मिमी उंच तुकडा उभा करा. त्याच्या रुंद बाजूत, तळाच्या वर १६ मिमीवर, ८ मिमीचं आरपार भोक पाडा. ड्रिल काटकोनात धरा. वरच्या कडेपासून भोकापर्यंत करवतीने एक चीर द्या आणि चीर आवळण्यासाठी आडवा एम५ × ६० चा बोल्ट घाला. गेजचा स्टेम भोकात घालून डायलचं तोंड वर ठेवा, म्हणजे वाकून पाहावं लागत नाही. डायलच्या पाठीचा कान तळाला लागत असेल तर तेवढी खाच तळात काढा.

बोल्ट जरा जास्त आवळला की स्टेम दाबला जातो आणि प्लंजर अडकून चालतो. गेज बसवल्यावर प्लंजर बोटाने दोन-चार वेळा दाबून सोडा. काटा दर वेळी त्याच आकड्यावर परत आला तरच पुढे जा.

फेन्स तपासणं आणि लावणं

फेन्सची पुढची आणि मागची रेल कापडाने पुसा. रेलवर चिकटलेला भुशाचा एक कणसुद्धा रीडिंग बदलतो. उजव्या स्लॉटमध्ये जिग अशी ठेवा की प्लंजर उजवीकडच्या फेन्सला टेकेल. फेन्स जवळ आणून प्लंजर साधारण १ मिमी दाबला जाऊ द्या आणि लॉक करा. लॉक न करता घेतलेल्या रीडिंगला काहीच अर्थ नाही, कारण बऱ्याच फेन्स लॉक करताना मागचं टोक सरकवतात.

पुढच्या टोकाला डायल शून्यावर आणा. मग दर १०० मिमीवर थांबत मागे जा. मधेच काटा एकीकडे गेला आणि शेवटी परत आला तर फेन्स तिरकी नाही, तिच्या तोंडालाच पोट आहे. कितीही बोल्ट फिरवले तरी ते जाणार नाही. फेन्सवर १८ मिमी एमडीएफची सरळ पट्टी लावा आणि पोट आहे तिथे सोडून बाकीच्या ठिकाणी मागून कागदाच्या पातळ घड्या द्या.

हवं ते रीडिंग असं: मागच्या टोकाला फेन्स समांतर, किंवा ०.०५ ते ०.१ मिमी ब्लेडपासून लांब. लांब ठेवण्यामागे कारण आहे. फेन्स मागे किंचित दूर गेली की मागचे दात लागलेच तर पलीकडच्या मोकळ्या तुकड्याला लागतात, आणि तो तुकडा चेपलेला नसतो. फेन्स मागे ब्लेडच्या जवळ आलेली मात्र ०.०५ मिमीसुद्धा चालवून घेऊ नका.

दुरुस्तीसाठी फेन्सच्या डोक्यावरचे बोल्ट ढिले करायचे, पण एक बोल्ट हलका आवळलेलाच ठेवायचा. फेन्स त्याच्याभोवती फिरते. मागच्या टोकाला लाकडी हातोडीने हळूच टिचक्या मारा, काट्यावर नजर ठेवा. हवं तिथे आलं की दोन्ही बोल्ट थोडे-थोडे आलटून पालटून आवळा. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. बोल्ट पूर्ण आवळताना फेन्स ०.१ ते ०.२ मिमी सरकते आणि जमवलेलं सगळं जातं. म्हणून आवळल्यावर पुन्हा तपासा. मग फेन्स उघडा, हातभर लांब न्या, परत आणा, लॉक करा, तपासा. असं तीन वेळा करून रीडिंग ०.०५ मिमीच्या आत राहिलं तर फेन्सवर विश्वास ठेवता येतो. दर वेळी वेगळं आलं तर दोष लॉकमध्ये आहे. लॉकचा स्प्रिंग किंवा झिजलेलं पॅड बघा.

फेन्सचं तोंड टेबलाशी काटकोनात आहे का, हे गुण्या उभा धरून मागून टॉर्च मारून बघा. तोंड कललेलं असेल तर जाड फळीची कड तिरकी निघते.

स्लॉट नसलेल्या, लोखंडी अँगलच्या सांगाड्यावर खालून कटर बसवलेल्या टेबलांवर ही पद्धत थोडी बदलते. ब्लेडच्या उजवीकडे ॲल्युमिनियमचं यू-चॅनेल टेबलात खोल बसवून स्लॉट तयार करा. अशा टेबलावर फेन्स म्हणून सरळ फळी दोन्ही टोकांना सी-क्लॅम्पने धरतात. तिच्यासाठी दोन सारख्या लांबीचे प्लायचे तुकडे एकत्र बांधून, एकत्रच टोकं घासून बनवा. एक पुढे आणि एक मागे, चॅनेलमध्ये घट्ट बसणाऱ्या पट्ट्यांना टेकवून ठेवा, फळी दोन्हींना भिडवा आणि क्लॅम्प आवळा. जिथे नेहमी १०० आणि ३०० मिमीच्या पट्ट्या लागतात, तिथे त्या मापांसाठी लागणाऱ्या तुकड्यांच्या जोड्या करून खिळ्याला टांगून ठेवल्या तर रोजचा वेळ वाचतो.

कापून खात्री

१८ मिमी प्लायचा ६०० मिमी लांब तुकडा घ्या. ब्लेड प्लायच्या वर ६-७ मिमी येईल असं ठेवा, रायविंग नाइफ (ब्लेडमागची, काप मिटू न देणारी पातळ पात) जागेवर असू द्या. अर्ध्यापर्यंत कापा, तुकडा तसाच घट्ट धरून मशीन बंद करा आणि ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत हलवू नका. प्लग काढून मागचे दात बघा. फेन्सकडच्या कडेला दात घासत असतील तर फेन्स अजून आत झुकलेली आहे. मोकळ्या तुकड्याच्या कडेवरच ठळक कमानी असतील तर ती गरजेपेक्षा जास्त बाहेर गेली आहे.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, लाकडी पट्टी फुगून स्लॉटमध्ये अडकते. तयार झाल्यावर जिगच्या सगळ्या बाजूंना, कापलेल्या टोकांसकट, लाखेचे दोन हात द्या आणि आडवी सपाट ठेवा. तरीही जूनमध्ये अडकलीच तर कडेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर दोनदा फिरवला की पुरे. जास्त घासली तर दिवाळीपर्यंत ती सैल झालेली असेल.