जॉब रीवर्कला परत येतो तो वेल्डिंगच्या या चुकांमुळे

वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यात उकाडा असह्य होतो आणि वेल्डरच्या पाठीशी मोठा पंखा येऊन बसतो. त्याच दिवसापासून सीओटू वेल्डिंगवर ब्लो होल (वेल्डमधली बारीक छिद्रे) दिसू लागतात. आधी मशीनला दोष दिला जातो, मग वायरला. खरा दोष वाऱ्याचा असतो. वितळलेल्या धातूवरचा गॅस वाऱ्याने बाजूला सरकतो आणि तिथे हवा शिरते.

अशा वेळी गॅस २५-३० लिटरवर नेण्याची चूक सर्रास होते. फ्लो फार वाढला की गॅस घुसळतो आणि स्वतःच हवा ओढून घेतो. १.२ मिमी वायरला मिनिटाला १२ ते १८ लिटर पुरतात. पंखा माणसाला लागू द्या, पण आर्कच्या बाजूने पत्र्याचा आडोसा उभा करा. कारण नक्की करायचे तर पंखा बंद करून, त्याच सेटिंगवर, घासून चकचकीत केलेल्या भंगार पट्टीवर चार इंच बीड (वेल्डची ओळ) मारा. होल गेले, तर सेटिंगला हात लावू नका, वारा अडवा. पंखा बंद असूनही जॉबवर होल येतात आणि या पट्टीवर येत नाहीत, तर जॉबवरचा गंज, तेल किंवा रंग तपासा. पट्टीवरही राहिले, तर नोझलमधला स्पॅटर (उडून चिकटलेले धातूचे थेंब) काढा, पाइपच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती बघा आणि रेग्युलेटरवर बर्फ जमला असेल तर हीटर चालू आहे का ते पाहा.

पावसाळ्यात चूक बदलते. ७०१८ या कोटिंगवाल्या वेल्डिंग रॉडचे पाकीट फोडून रात्रभर टेबलावर पडलेले असते. कोटिंगने ओढलेल्या ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि जाड प्लेटला काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, वेल्डच्या कडेला भेग पडते. संध्याकाळी पास झालेला जॉब सकाळी फेल होतो तो असा. हे रॉड साधारण ३०० ते ३५० अंशांवर एक-दोन तास ओव्हनमध्ये भाजा (पाकिटावर लिहिलेले तापमान अंतिम माना) आणि नंतर १०० ते १५० अंशांच्या गरम डब्यातून लागतील तेवढेच काढा. उन्हात वाळवून हे काम होत नाही. साध्या ६०१३ रॉडला मात्र एवढे तापमान देऊ नका, कोटिंग बिघडते.

बट जॉइंटमध्ये (दोन प्लेटांच्या कडा समोरासमोर जोडताना) गॅप न ठेवता प्लेटा चिकटवून टॅक (तात्पुरता छोटा टाका) मारणे ही सगळ्यात फसवी चूक, कारण वरून बीड देखणा दिसतो आणि रूट, म्हणजे जोडाचा तळ, मात्र न जुळता कोरडी राहते. १० मिमी प्लेटला दोन्ही कडा ३० अंशांनी घासा, रूट फेस (तळाशी न घासता सोडलेली सरळ कड) दीड-दोन मिमी आणि गॅप दोन-तीन मिमी ठेवा. गॅपसाठी कोटिंग काढलेला रॉडचा तुकडा मध्ये धरा, टॅक झाला की काढून घ्या. कडेला अंडरकट (वेल्डच्या काठची खाच) पडत असेल तर अँपिअर कमी करा, आर्क आखूड ठेवा आणि कडेला क्षणभर थांबा. आर्क उगाच फडफडत असेल तर आधी अर्थिंगचा क्लॅम्प रंगावर लागलाय का ते बघा.

आता फिलेट, म्हणजे काटकोनातल्या जोडाच्या कोपऱ्यातला वेल्ड. ड्रॉइंगवर ६ मिमी असताना ‘मजबुतीसाठी’ ८ मिमी भरला तर धातू सुमारे ७८ टक्के जास्त लागतो, उष्णताही तेवढीच वाढते आणि फ्रेम ओढली जाते. मिमी डोळ्यांनी ठरवू नका, फिलेट गेज वापरा. उसाच्या ट्रॉलीचा चेसिस एका टोकाकडून सलग वेल्ड करत नेला तर तो हमखास पिळतो. सगळे टॅक आधी मारा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून तुकड्या-तुकड्याने वेल्ड करा. दोन्ही कर्ण टॅकनंतर, निम्मे काम झाल्यावर आणि शेवटी असे तीनदा टेपने मोजा. फरक टॅकलाच सापडला तर ग्राइंडरने टॅक तोडून काही मिनिटांत सुधारतो. पूर्ण वेल्डनंतर सापडला तर जॅक आणि गॅस टॉर्च घेऊन अख्खी शिफ्ट जाते.