लांबच्या आणि पायरेट रेडिओ स्टेशनांची क्यूएसएल कार्डं कशी मिळवायची

क्यूएसएल म्हणजे पोचपावती. तुम्ही कुठल्यातरी लांबच्या देशाचं स्टेशन पकडलं, काय ऐकलं ते त्यांना लिहून कळवलं, त्यांनी ते आपल्या रेकॉर्डशी ताडून बघितलं आणि हो बाबा, आमचंच स्टेशन होतं ते, असं कार्डावर लिहून पाठवलं, एवढाच खेळ. छंद तसा जुना आहे, १९२४ च्या सुमारास शिकागोची एक्को नावाची कंपनी यासाठी अल्बमच विकायची, श्रोत्याने ऐकल्याचा पुरावा आणि दहा सेंटचं नाणं पाठवलं की स्टेशनकडून तिकीट यायचं, ते त्यात चिकटवायचं. आपल्याकडे लोकांनी सिलोनला आणि विविध भारतीला फर्माइशीची पोस्टकार्डं ढिगाने लिहिलीच की, इथे गाणं मागायचं नाही एवढाच फरक.

रेडिओवर फार पैसे घालू नका आधीच. टेकसन पीएल-३३० किंवा एक्सएचडाटा डी-८०८ असा डिजिटल ट्यूनिंगवाला छोटा सेट पुरतो, फक्त त्यात एसएसबी, म्हणजे एएमपेक्षा वेगळ्या पद्धतीने पाठवलेला सिग्नल ऐकायची सोय, असलं पाहिजे, कारण अमेरिकेतले बरेच पायरेट, म्हणजे विनालायसन चालणारी स्टेशनं, त्याच मोडमध्ये असतात आणि साध्या सेटवर ते नुसतं क्वॅक क्वॅक ऐकू येतं. माळ्यावर जुना फिलिप्स किंवा मर्फी असेल तर मजेसाठी लावा, पण काट्यावरून नेमकी फ्रिक्वेन्सी सांगता येत नाही आणि रिपोर्टमध्ये तीच लागते.

खरी डोकेदुखी म्हणजे घरातला खरखराट. एलईडी बल्ब, मोबाईलचे स्वस्तातले चार्जर, इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्स, शेजाऱ्याचं सोलर, सगळे मिळून शॉर्टवेव्हची वाट लावतात. रेडिओ बॅटरीवर चालवा, गच्चीवर जा, आठ-दहा मीटर साधी वायर विजेच्या तारांपासून लांब टांगा आणि तिचं टोक अँटेनाला लावा. पावसाळ्यात ढग गडगडायला लागले की ती वायर आधी काढायची, हे विसरायचं नाही. आणि लाईट गेली की बाकीचे वैतागतात, आपण रेडिओ घेऊन पळायचं, सगळ्या एरियाची लाईट गेली असेल तर त्या अर्ध्या तासात जे ऐकू येतं ते एरवी महिनाभर येत नाही. गावाकडे जाणार असाल तर सेट बॅगेत टाकाच.

कधी ऐकायचं? ढोबळ नियम असा की सूर्य मावळला की खालचे बँड, म्हणजे मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हचे ४९ आणि ४१ मीटर, लांबवर जायला लागतात, कारण दिवसा सिग्नल शोषून घेणारा आयनोस्फिअरचा, म्हणजे रेडिओ लहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या भागाचा, खालचा डी थर रात्री विरून जातो. दिवसा १९ मीटर वगैरे वरचे बँड बघा. मे-जूनमध्ये विजांमुळे मीडियम वेव्ह जवळजवळ निकामी असतं, थंडीत मात्र धमाल. कोण कुठे कधी लागतं त्यासाठी एबी (EiBi) नावाची फुकट यादी नेटवर मिळते, ती वर्षातून दोनदा, मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलते, त्यामुळे जुनी यादी धरून बसू नका.

आता रिपोर्ट, इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. तारीख आणि वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, द्यायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. रात्रीचे आठ म्हणजे १४:३०. पण मध्यरात्रीनंतर गंमत होते, रविवारची मध्यरात्र उलटून सोमवार लागल्यावर एक वाजता ऐकलं तर यूटीसीमध्ये तो अजून रविवार असतो, १९:३०, आणि तारीख चुकली की समोरचा माणूस भलत्याच दिवसाचा लॉग उघडून बसतो. मग फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये, तुमचा रेडिओ, अँटेना, गावाचं नाव. त्यानंतर सिनपो, हे पाच आकडे असतात, सिग्नलची ताकद, दुसऱ्या स्टेशनचा त्रास, खरखराट, सिग्नलचं वरखाली होणं आणि एकूण कसं वाटलं ते, प्रत्येकाला १ ते ५, पाच म्हणजे उत्तम. खूश करायला ५५५५५ लिहू नका, इंजिनिअरला ३५२३२ मध्ये जास्त रस असतो. कोड जमत नसेल तर सरळ वाक्यात लिहा की आवाज बरा होता पण बाजूच्या स्टेशनमुळे अधूनमधून बुडत होता, चालतं.

पण सगळा जीव प्रोग्रामच्या तपशिलात आहे. "गाणी आणि बातम्या ऐकल्या" याने काहीच सिद्ध होत नाही, हे तर वेबसाईटवरचं वेळापत्रक वाचूनही कुणी लिहील. निदान वीस-तीस मिनिटं ऐका आणि मिनिटामिनिटाची टिपणं काढा, १४:३२ ला बाईच्या आवाजात बातम्या, पहिली बातमी निवडणुकीची, १४:४० ला बासरीची धून, १४:४१ ला अमुक नावाची मुलाखत सुरू, असं. भाषा कळत नसेल तरी हरकत नाही, कानावर पडलेली माणसांची आणि गावांची नावं लिहा, वाद्य लिहा. मोबाईलवर मिनिटभर रेकॉर्ड करून क्लिप जोडा. शेवटी दोन ओळी प्रोग्रामबद्दल खरं मत आणि नम्रपणे क्यूएसएलची विनंती, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी कुणी हसत नाही.

सुरुवात सोप्या स्टेशनांपासून करा. रेडिओ रोमानिया इंटरनॅशनल दरवर्षी नव्या विषयावर कार्डांची मालिका काढतं, जपानचं एनएचके आणि कोरियाचं केबीएस हेही कार्डांसाठी श्रोत्यांमध्ये प्रसिद्ध. बीबीसीच्या नादी लागू नका, ते क्यूएसएल देत नाहीत. जरा वेगळं हवं असेल तर जपानच्या यामाता ट्रान्समीटरवरून लागणारं शिओकाझे शोधा, उत्तर कोरियाने पळवून नेलेल्या जपानी लोकांसाठी ते चालवतात, आणि ते स्टेशन पकडून पोचपावती मिळवणं हा माझ्या मते दहा गुळगुळीत कार्डांपेक्षा भारी अनुभव आहे.

आता पायरेट. यांचा बाप म्हणजे समुद्रातली स्टेशनं, १९५८ मध्ये डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ रेडिओ मर्क्युर, मग १९६४ च्या ईस्टरला इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर जहाजावरून रेडिओ कॅरोलाईन. ब्रिटिश सरकारने १९६७ मध्ये कायदा करून त्यांची नाकेबंदी केली. कॅरोलाईन आता लायसनवालं झालंय, ६४८ किलोहर्ट्झवर असतं. आजचे पायरेट म्हणजे घरच्या शेडमध्ये ट्रान्समीटर लावून बसलेले हौशी लोक. युरोपातले ६२०० ते ६४०० किलोहर्ट्झच्या आसपास, बहुतेक एएमवर आणि बहुतेक शनिवार-रविवारी, त्यांची रविवार सकाळ म्हणजे आपली रविवार दुपार. हॉलंडवाले मीडियम वेव्हच्या वरच्या टोकाला, १६०० च्या पुढे. अमेरिकेतले ६९२५ च्या आजूबाजूला.

खरं सांगायचं तर पुण्या-नाशकातून थेट हे ऐकू येणं नशिबाचा भाग आहे, पॉवर थोडी असते आणि आपल्या दुपारी तो बँड इतक्या लांब पोचत नाही. म्हणून हॉलंडमधल्या ट्वेंटे युनिव्हर्सिटीचा वेबएसडीआर किंवा जगभरचे किवीएसडीआर वापरायचे, ब्राउझरमध्ये दुसऱ्याच्या रिसीव्हरचं बटण फिरवायचं. पण रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहायचं, कुठला रिसीव्हर, कुठल्या गावातला. काही जण त्यावर कार्ड देत नाहीत, मग नाही तर नाही. ट्वेंटेवर ऐकून कोल्हापुरात ऐकलं असं लिहिणारे आहेत, पायरेटवाल्याला स्वतःचा सिग्नल किती लांब जातो ते चांगलंच माहीत असतं, तो एका सेकंदात ओळखतो.

पायरेटला वेळापत्रक नसतं, तेव्हा स्टेशन लागलं की पहिली पाच मिनिटं नाव आणि ईमेल पकडण्यात घालवा, दोन्ही गाण्यांच्या मधे घाईत सांगतात. बहुतेकांचं क्यूएसएल ईमेलने चित्र म्हणून येतं. गाण्यांची नावं ओळखता आली तर अर्धं काम झालं, आणि त्यासाठी गाणं ओळखणारं मोबाईल ॲप वापरायला काहीच हरकत नाही. शेवटपर्यंत ऐका मात्र. अमेरिकेतलं वुल्व्हरिन रेडिओ नावाचं स्टेशन गाण्यांनंतर शेवटी एसएसटीव्हीने, म्हणजे आवाजातून चित्र पाठवायच्या पद्धतीने, चित्र पाठवतं, कानाला ती नुसती किरकिर शिट्टी वाटते पण फोनवर रोबोट३६ हे ॲप लावून स्पीकरजवळ धरलं की ओळीओळीने चित्र उमटत जातं.

एक पथ्य पाळायचं. तो माणूस कोण, ट्रान्समीटर कुठे, याचा अंदाज आला तरी कुठे लिहायचा नाही, त्याला दंड होऊ शकतो, सामान जप्त होऊ शकतं. आणि हे सगळं ऐकून स्वतःचं स्टेशन काढायची खुमखुमी आली तर आवरा, आपल्याकडे विनालायसन प्रसारण गुन्हा आहे, बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरचं रिपेअरच्या दुकानातून चालणारं गावचं एफएम २००६ मध्ये त्यामुळेच बंद झालं. बोलायचीच हौस असेल तर परीक्षा देऊन हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन काढा, हॅम लोकांची क्यूएसएल कार्डं हा वेगळाच मोठा विषय आहे.

उत्तराला वेळ लागतो. मोठ्या स्टेशनचं कार्ड पोस्टाने यायला दोन-तीन महिने सहज जातात, त्यानंतर मूळ रिपोर्टची कॉपी जोडून एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको. पायरेटवाल्याने आठवड्यात उत्तर दिलं नाही तर तो पुन्हा एअरवर येईल तेव्हा नवा रिपोर्ट पाठवणं बरं. आलेल्या कार्डाच्या मागे पेन्सिलीने रिपोर्टची तारीख आणि फ्रिक्वेन्सी लिहून ठेवा, ईमेलवाली चित्रं स्टेशनचं नाव घालून वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि रेकॉर्डिंग उत्तर येईपर्यंत डिलीट करू नका, कारण कधीकधी समोरून एखादा प्रश्न येतो की त्या गाण्यानंतर मी काय म्हणालो ते ऐकू आलं का?