सेमिनारसाठी क्वांटम क्रिटिकल धातूचा आलेख कसा वाचायचा

सांगली-मिरजेत एमएस्सी फिजिक्सला सुपरकंडक्टिव्हिटीवर (थंडीत विजेचा रोध शून्य होणं) सेमिनार म्हटलं की ठरलेलंच, १९११ चा पारा, ४.२ केल्विन, मग बीसीएस (जाळीच्या कंपनांमुळं इलेक्ट्रॉनच्या जोड्या लागतात ही नेहमीची थिअरी), मग हवेत तरंगणारी ट्रेन, आणि सर डुलक्या घेतायत. त्यापेक्षा सीई-पीडी२-एसआय२ घ्या, म्हणजे सिरियम, पॅलेडियम, सिलिकॉन. लॅब लागत नाही (तसंही आपल्याकडं लिक्विड नायट्रोजन मिळालं तरी गाडी ७७ केल्विनलाच थांबते), पेपरात छापलेला रेझिस्टिव्हिटीचा आलेख आणि एक्सेल एवढ्यावर भागतं.

एवढं डोक्यात ठेवा. साध्या दाबाला हा धातू साधारण १० केल्विनखाली अँटिफेरोमॅग्नेट होतो, स्पिन उलटसुलट पण ठरलेल्या क्रमानं लागतात. दाब वाढवला की हे तापमान खाली सरकतं, २८ किलोबारच्या आसपास शून्याला टेकतं (हाच क्वांटम क्रिटिकल पॉइंट), आणि नेमकं तिथंच ०.४ केल्विनच्या जवळपास सुपरकंडक्टिव्हिटी उगवते. केंब्रिजच्या ग्रुपनं १९९८ ला हे छापलं.

दाब-तापमानाच्या आलेखात सुपरकंडक्टिव्हिटीचा हा भाग छोट्या घुमटासारखा, म्हणजे डोमसारखा दिसतो, आणि सगळे त्याच्याकडंच बघत बसतात. तुम्ही आधी त्याच्या वरचा, जास्त तापमानाचा भाग बघा, खरा पुरावा तिथं आहे. २८ किलोबारच्या कर्व्हवरचे पॉइंट काढून घ्या, दोन आलेख काढा, एकात आडव्या अक्षावर तापमानाचा वर्ग, दुसऱ्यात तापमानाचा १.२ घात, उभ्या अक्षावर दोन्हीकडं रेझिस्टिव्हिटी तशीच. नेहमीच्या धातूत थंडीत वर्गवाला सरळ येतो, इथं तो वाकतो आणि १.२ वाला सरळ येतो. लॉग-लॉगच्या (दोन्ही अक्षांवर लॉग) नादाला लागू नका, त्यात शून्य केल्विनची रेझिस्टिव्हिटी आधी अंदाजानं वजा करावी लागते आणि अंदाज जरा हुकला की घातच बदलतो राव. सरळ रेषेत ती कटिंग पॉइंटवरून (रेष उभ्या अक्षाला कापते तिथून) आपोआप मिळते. डोमच्या आतले पॉइंट मात्र घेऊ नका.

घात २ नाही म्हणजे क्रम मोडायच्या बेतात असताना स्पिनची जी चळवळ चालते तिच्यावर इलेक्ट्रॉन आपटतायत, आणि जोड्या लावायचं कामही बहुधा तीच करते, बीसीएसमधल्या जाळीच्या कंपनांऐवजी.

व्हायवाला हमखास विचारतील, मग हे आधी का नाही दिसलं? सांगा की सॅम्पल अतिशय शुद्ध लागतं. अशा जोडीच्या वेव्ह फंक्शनला दिशेप्रमाणं अधिक-उणे चिन्ह असतं, साध्या अशुद्धीवर आपटून इलेक्ट्रॉन अधिकातून उण्यात गेला की जोडी तुटते, नेहमीच्या सुपरकंडक्टरला त्याचं फारसं काही वाटत नाही. म्हणून दुसऱ्या कुठल्या पेपरात डोम नसेल तर आधी तो कटिंग पॉइंट किती वर आहे ते बघा, वर म्हणजे अशुद्धी जास्त.