नेपाळ-भूतानला निघताय? आधी कपाटातलं मतदार कार्ड शोधा

नेपाळला जायला काय लागतं, असं कोल्हापुरात कुणालाही विचारा. ‘काय लागत नाही, आधार कार्ड बास,’ हेच उत्तर येणार. जणू निपाणीला जाऊन यायचंय. याच उत्तरावर विसंबून आमच्या गल्लीतले एक काका दिल्लीच्या विमानतळापर्यंत पोचले. वय ५८. पाकिटात आधार, पॅन, लायसन्स, सगळं जागच्या जागी. काउंटरवरच्या मुलीनं तिन्ही कार्डं उलटसुलट करून बघितली आणि परत दिली. मतदार कार्ड घरी, देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये. ग्रुपमधले बाकीचे काठमांडूला गेले, काका रेल्वेनं घरी आले. चूक कुणाची म्हणाल तर आमच्या सगळ्यांची. ‘आधार चालतंय की’ असं त्यांना सांगणाऱ्यांत मीही होतो.

म्हणून तिकिटं काढण्याआधी ही कामं उरका.

पहिलं काम : कागद

भारतीय माणसाला नेपाळचा व्हिसा लागत नाही, हे खरं. पण ओळखीचा कागद लागतो आणि तो ठरलेला आहे : चालू मुदतीतला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. यातलं एक, तेही मूळ. झेरॉक्स नको आणि मोबाइलमधल्या फोटोवर तर अजिबात विसंबू नका. आधार चालतं ते फक्त १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ च्या पुढच्या ज्येष्ठांना. म्हणजे आजी आणि नातू आधारवर जातील आणि त्यांना घेऊन जाणारा मुलगा अडकेल. १५ ते १८ मधल्या पोरांसाठी मुख्याध्यापकांच्या सहीचं, ठरलेल्या नमुन्यातलं ओळख प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे मे महिन्यात जायचं असेल तर शाळेला सुट्टी लागायच्या आधीच ते घेऊन ठेवा.

नवरा-बायको, मुलं, आईवडील असं कुटुंब एकत्र जात असेल तर एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असलं तरी चालतं. बाकीच्यांनी फोटो असलेला आणि नातं दाखवणारा पुरावा द्यायचा. नियम असा आहे खरा, पण पहाटे चार वाजता काउंटरवरच्या माणसाला तो समजावून सांगायची माझी तरी तयारी नाही. प्रत्येक मोठ्या माणसाचं स्वतःचं कार्ड असू द्या.

आता खरी गोम. आपल्याकडे बायकांचं मतदार कार्ड बऱ्याचदा माहेरच्या नावानं असतं आणि तिकीट निघतं सासरच्या नावानं. तिकिटावरचं नाव कार्डावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. कार्ड बदलायला वेळ नसेल तर सरळ कार्डावरच्या नावानंच तिकीट काढा, मानापमान नंतर बघू. कार्ड हरवलं असेल किंवा दुरुस्ती करायची असेल तर निवडणूक आयोगाचा फॉर्म ८ ऑनलाइन भरता येतो. मात्र कार्ड हातात पडायला वेळ जातो, चार दिवसांच्या भरवशावर राहू नका.

माझं विचाराल तर पासपोर्टच काढा. त्यासाठी आता पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत, कोल्हापुरात पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ३६ पानी साध्या पासपोर्टला दीड हजार रुपये आणि तत्काळला साडेतीन हजार.

एखाद्या घरात अमेरिकेचा पासपोर्ट असलेला जावई असतो. हे सगळं त्याला लागू नाही. त्यानं नेपाळमध्ये उतरल्यावर व्हिसा घ्यायचा : १५ दिवसांना ३० डॉलर, ३० दिवसांना ५० डॉलर.

दुसरं काम : शंभराच्या नोटा

नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून एकाच जागी बांधलेला आहे : आपला १ रुपया म्हणजे त्यांचे १.६०. आपले शंभर, त्यांचे एकशे साठ. उलटा हिशेब करायचा तर नेपाळी आकड्याला आठनं भागा आणि पाचनं गुणा. मोमोचं बिल ४८० झालं तर आपले ३००. हे एकदा डोक्यात बसलं की मोबाइल काढावा लागत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळनं शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटा बंद केल्या. पुढे त्यात ढिलाई येत गेली. पण नियम काय म्हणतो आणि टपरीवाला काय घेतो, या दोन वेगळ्या गोष्टी. शंभराची नोट सगळीकडे खपते. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी बँकेत जाऊन शंभराच्या नोटा मागा. आमच्या कॅशियरनं विचारलं, ‘पाचशेच्या घ्या की, एवढं ओझं कशाला?’ ओझं होतंच. शंभर नोटांचं एक बंडल म्हणजे दहा हजार, अशी दोन बंडलं पाकिटात मावत नाहीत. आम्ही निम्मी कमरेच्या पाऊचमध्ये आणि निम्मी बायकोच्या पर्समध्ये ठेवली.

दुकानात एक प्रश्न हमखास कानावर पडेल : ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे भारतीय चलन, एनसी म्हणजे नेपाळी. सीमेपलीकडच्या भैरहवा गावाच्या बाजारात एका शालीचा भाव दुकानदारानं सोळाशे सांगितला. मी मुकाट्यानं आपल्या सोळा नोटा मोजायला लागलो, तेवढ्यात बायकोनं कोपर मारलं. सोळाशे एनसी होते. आपल्या दहाच नोटा द्यायच्या होत्या. दुकानदार हसला, मीही हसलो, आणि त्या दिवसापासून पैशाचा व्यवहार तिच्याकडे गेला. भाव ऐकला की आधी विचारा : कुठले रुपये?

काही दुकानदार १.६० ऐवजी दीडचा दर लावतात. चहाला चालेल, हॉटेलच्या बिलाला चालवून घेऊ नका. सुटे पैसे बहुधा नेपाळी नोटांतच परत मिळतात.

क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआयनं पैसे देण्याची सोय नेपाळमध्ये २०२४ पासून सुरू झाली, पण प्रत्येक अ‍ॅपवर आणि प्रत्येक दुकानात ती चालेलच असं नाही. एटीएम कार्ड नेणार असाल तर परदेशातला वापर घरूनच बँकेच्या अ‍ॅपमध्ये सुरू करून घ्या. नव्या कार्डावर तो बंदच असतो. तिथं ओटीपी येईना म्हणून कपाळावर हात मारण्यापेक्षा हे बरं.

सीमेवर

रस्त्यानं जाणारे बहुतेक लोक गोरखपूरहून सोनौलीला येतात आणि पलीकडे भैरहवाला उतरतात. तिथून लुंबिनी जवळच. बिहारातून गेलात तर रक्सौल-बीरगंज. सीमा खुली आहे, लोक सायकलवरून ये-जा करतात, त्यामुळे आपल्यालाही कोण विचारतंय असं वाटतं. विचारतात. कार्ड वरच्या खिशात ठेवा.

स्वतःची गाडी नेत असाल तर ‘भन्सार’ हा शब्द लक्षात ठेवा, म्हणजे जकात कचेरी. गाडी किती दिवस आत ठेवणार त्याप्रमाणे तिथं पैसे भरून कागद घ्यायचा. तीन दिवसांचा घेऊन चौथ्या दिवशी परत निघालात तर दंड बसतो, म्हणून एक दिवस जादाच घ्या. आरसी बुक, विमा, लायसन्स सगळं मूळ हवं.

घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. आठवड्याची सुट्टी शनिवारी. प्रेक्षणीय ठिकाणी तिकिटाच्या खिडकीवर ‘सार्क’चा, म्हणजे भारतासह दक्षिण आशियातल्या देशांच्या गटाचा, दर वेगळा आणि स्वस्त असतो, तिथं ओळखपत्र पुढे करा. गप्प राहिलात तर गोऱ्या पाहुण्याचा दर लागायचा.

भूतानचं गणित वेगळं

इथंही व्हिसा नाही, पण प्रवेशाचा परवाना लागतो. त्यासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार कार्ड हवं. आधार इथं चालत नाही. मुलांचा जन्मदाखला बरोबर घ्या आणि पासपोर्ट साइजचे चार-सहा फोटोही.

खरा खर्च आहे तो शाश्वत विकास शुल्काचा, म्हणजे भूतान सरकार पाहुण्यांकडून घेतं त्या पैशाचा : भारतीयांना माणशी, रात्री १,२०० रुपये. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे, पाच वर्षांपर्यंतच्यांना माफ. आई, नवरा-बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा चार रात्री राहणार असतील तर १४,४०० आणि २,४०० मिळून १६,८०० रुपये. हॉटेल, गाडी, जेवण याच्याशिवाय. टूरवाल्याच्या पॅकेजमध्ये हे शुल्क धरलंय की नाही, ते आधी विचारा आणि लिहून घ्या. जावईबापूंना हाच आकडा रात्रीला १०० डॉलर पडतो.

चलनाचा मात्र काही त्रास नाही. तिथलं ङुल्ट्रम आपल्या रुपयाच्या बरोबरीचं, भागाकार-गुणाकार काही नाही. अडचण परतताना येते. सीमेवरच्या जयगावात दुकानदार ङुल्ट्रम घेतात, पण पुढे हासिमारा स्टेशनवरच्या चहावाल्यानं घेतलं नाही तर त्याच्यावर रागावू नका. शेवटच्या दिवशी जयगावाला लागून असलेल्या भूतानच्या फुनशोलिंगमध्येच उरलेल्या नोटा मोडा. नेपाळी नोटांचंही तसंच, सोनौली ओलांडायच्या आधी संपवा. कोल्हापुरात महाद्वार रोडवर त्या कुणी घेणार नाही.