मेंबर वाढले, बोलणारे गेले: ग्रुप वाढवताना या चुका टाळा

नागपुरातल्या आमच्या गच्चीबागेच्या व्हॉट्सॲप ग्रुपात एक रीत होती. झाडाबद्दल विचारायचं तर फोटो टाकायचा, ऊन किती तास पडतं आणि पाणी कधी घालता तेही लिहायचं. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. नवा माणूस दोन दिवस वाचायचा आणि तसंच विचारायचा.

नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या तोंडावर मी शहाणपणा केला. ग्रुपची लिंक चार सोसायट्यांच्या ग्रुपांत टाकली. आठवड्यात दोनशेचे सातशे झालो. "मोगरा सुकतोय, काय करू?" एवढाच मेसेज, आणि खाली उत्तरांची रांग: पाणी वाढवा, पाणी कमी करा, हिरवी जाळी माझ्याकडून घ्या. मध्येच कुणाचा प्लॉट विकायला. रोज निगुतीने उत्तरं देणाऱ्या काकू गप्प झाल्या. फोन केला तर म्हणाल्या, "अरे बाप्पा, फोटोच नाही तं सांगू काय? पाणी कमी पडलं तरी पानं माना टाकतात, मुळं सडली तरी टाकतात."

चूक वाढण्यात नव्हती, वेगात होती. युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावर पूर्वी दर सप्टेंबरला कॉलेजांतली नवी पोरं यायची, महिन्याभरात तिथली रीत शिकायची. १९९३ नंतर घरोघरच्या इंटरनेट ग्राहकांचा लोंढा बारमाही झाला आणि शिकवणारे कमी पडले. जुने लोक त्याला 'न संपणारा सप्टेंबर' म्हणतात. तेव्हा उघडी लिंक रीसेट करा, ॲडमिनची मंजुरी सुरू करा, आठवड्याला पंधरा-वीसच घ्या. व्हॉट्सॲप १,०२४ जण घेऊ देतं म्हणून तेवढे भरलेच पाहिजेत असं थोडंच आहे?

दुसरी चूक माझ्या फार उशिरा लक्षात आली. नव्याला ग्रुपातलं मागचं बोलणं आपोआप दिसत नाही. त्याला रीत कळणार कुठून? एक चांगला प्रश्न, फोटो आणि उत्तरासकट, पिन करून ठेवा. पिन फार तर ३० दिवस टिकते, तारीख लक्षात ठेवून परत लावा.

बावीस नियमांची यादी मीही टाकली होती. कोणी वाचली नाही. सगळ्यांसमोर झापूनही पाहिलं, त्यात दोन चांगली माणसं गेली. जाहिरात गुपचूप डिलीट करून त्या माणसाला वेगळा मेसेज करणं बरं. आणि वैतागून 'फक्त ॲडमिन' लावू नका, मग ती नोटीसपाटी होते.

काकूंना ॲडमिन व्हा म्हटलं. "पद नको, फोटो मागायला कोणीतरी ठेव," म्हणाल्या. आता दोघं जण तेवढंच करतात. फोटो आला की काकू येतात.