कथा द्यायची आहे आणि कागद कोराच आहे? या चुका टाळा

संपादकांचा निरोप साधारण मे-जूनमध्ये येतो. 'यंदाही कथा हवी, जुलैअखेर द्या.' आपण लगेच अंगठा पाठवतो. मग पुढचे सहा आठवडे घर विलक्षण नीटनेटकं होत जातं. माळा आवरला जातो, मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लागतात, चार वर्षं गळणाऱ्या नळाला प्लंबर मिळतो. कथा तेवढी लिहून होत नाही.

का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाच्या पावसाळ्याला ही डोकेदुखी चिकटली आहे. (एका परीने उपकारच. मुदत नसती तर मराठी कथा निम्मीच झाली असती, असं माझं मत.) मीही दरवर्षी या चक्रातून जातो. त्यात ज्या चुका केल्या आणि त्यांवर जे उपाय चालले, ते इथे देतो. तुमचं काम कथेचं नसून चित्राचं, चालीचं किंवा एकांकिकेचं असेल, तरी घोडं बहुधा याच ठिकाणी अडतं.

चूक पहिली: याला आळस म्हणणं

आळशी माणूस माळा आवरत नाही. त्या दिवसांत आपण एरवीपेक्षा जास्तच राबत असतो, फक्त भलतीकडे. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये चालढकलीबद्दल मांडलेला मुद्दा इथे चपखल बसतो: माणूस पळतो तो कामासोबत येणाऱ्या नकोशा भावनेपासून, आणि आत्तापुरतं बरं वाटावं म्हणून उद्याचं नुकसान पत्करतो. कथेच्या बाबतीत ही भावना ओळखायला सोपी आहे. गोष्ट डोक्यात असते तोवर सुरेख असते. कागदावर आली की ती साधारण निघणार, हे आतून माहीत असतं. माळ्याचं तसं नाही. तो आवरला की आवरलेला दिसतो.

म्हणून स्वतःला झोडपणं उलट पडतं. आधीच नकोसं वाटत होतं, त्यात अपराधीपणाची भर पडते, मग टेबलाकडे बघवत नाही. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेला चालढकल कमी केली. तेव्हा गेले तीन आठवडे गेले. कागदावर आजची तारीख घाला आणि बसा.

चूक दुसरी: पहिलं वाक्य शोधत बसणं

सगळ्यांत जास्त दिवस इथेच वाया जातात. कथेचं पहिलं वाक्य कसं वाचकाला पकडणारं हवं, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते सापडल्याशिवाय दुसरं लिहायची परवानगीच नाही, असं वाटू लागतं. मी एका कथेचं पहिलं वाक्य अठरा दिवस घासत होतो. कथा छापून आली तेव्हा ते वाक्य तिच्यात नव्हतं.

आपल्याकडे सुरुवात शोधत बसण्याची पद्धत मुळात नव्हती. पहाटे जात्यावर बसलेली बाई 'पहिली माझी ओवी' म्हणून सुरू करायची. दुसरी ओवी, तिसरी ओवी असं मोजत जायची, आणि चौथ्या-पाचव्या ओवीला माहेर, सासूचा जाच, लेकराचं कौतुक, जे मनात असेल ते बाहेर यायचं. कीर्तनकाराला आधी नमन असतं, संगीत नाटकाला नांदी, तमाशाला गण. उभं राहायचं, ठरलेलं म्हणायचं. तोवर गळा तापतो, समोरच्या माणसांची सवय होते, हातापायांतली थरथर जाते. नवं काही सुचवायची जबाबदारी पहिल्या मिनिटावर टाकलेलीच नाही. प्रत्येक वेळी कोऱ्या हवेतून प्रारंभ निर्माण करायचा, हा बोजा आपण अलीकडे स्वतःच्या डोक्यावर घेतला आहे.

मग आपलंही एक नमन ठरवून टाकायचं. माझं असं आहे: 'आज अमुक लिहायचं टळतंय, कारण...' रोज हेच. ते वाक्य पुरं करताना जे बाहेर पडतं त्यातला बराच भाग कुरकुर असतो, पण सातव्या-आठव्या ओळीला कथेतलं कुणीतरी बोलायला लागतं. ही आठ ओळींची कुरकुर नंतर काढून टाकायची असते, हे विसरू नका. मी एकदा विसरलो, आणि ती संपादकांकडे गेली.

दुसरा उपाय, कथा मधूनच उघडायची. तुम्हाला त्यातलं काय दिसतंय? समजा गोष्ट एसटीच्या वाहकाच्या निवृत्तीची आहे. निवृत्ती म्हणजे काय, त्याचा स्वभाव कसा, डेपो कुठला, यातलं काही आत्ता लिहू नका. शेवटच्या दिवशी तो तिकिटाचं मशीन जमा करतो आणि हात मोकळे राहिल्यावर त्यांचं काय करावं हे त्याला कळत नाही, एवढं दिसतंय ना? मग तेवढंच लिहा. बहिणीला फोनवर गोष्ट सांगताना तुम्ही ज्या जागेपासून सुरुवात कराल, ती जागा बहुतेक वेळा बरोबर असते.

चूक तिसरी: चांगली वही आणणं

जाड कागदाची, कापडी बांधणीची, रिबिनीची. तिच्यात खोडाखोड करायचा धीर होत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं कोरी राहते. माझ्याकडे अशा पाच आहेत. पहिल्या खर्ड्याला पाठकोऱ्या कागदांसारखं दुसरं काही नाही. एका बाजूला जुनं वीजबिल किंवा मुलांच्या शाळेची सूचना छापलेली असल्यावर तुमच्या अक्षरांकडून कुणी महान अपेक्षा करत नाही. चित्रकारही हेच करतात. पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर आधी पातळ मातकट रंगाचा हात फिरवतात. त्यामागे रंगसंगतीची कारणं आहेतच, पण पांढऱ्याची भीती मोडते हेही आहे.

कॉम्प्युटरवर लिहिणाऱ्यांनी फाइलचं नाव 'कथा' ठेवू नये. 'कचरा जुलै' चालेल.

चूक चौथी: कामासारखी दिसणारी टाळाटाळ

ही सगळ्यांत फसवी, कारण तिच्यात अपराधी वाटत नाही. १९७२ च्या दुष्काळातल्या रोजगार हमीच्या कामावरचा प्रसंग लिहायचा, म्हणून आपण त्या काळच्या मजुरीचा दर शोधायला लागतो. तिथून सुकडीवर (त्या कामांवर वाटलं जाणारं कोरडं खाणं) जातो, सुकडीवरून खडी फोडण्याच्या हातोड्याच्या वजनावर. रात्रीचे साडेअकरा वाजतात. माहिती जमते, प्रसंगाची एक ओळ होत नाही.

माहिती लागतेच, पण ती लिहिताना अडल्यावर कळते. तोवर त्या जागी खूण टाकून पुढे जायचं. मी 'ढढढ' लिहितो. मराठीत असा शब्द नाही, त्यामुळे नंतर शोध घेतला की फक्त रिकाम्या जागाच सापडतात. (आधी 'क्ष' लिहायचो. लक्ष, साक्ष, अपेक्षा असं सगळं गोळा व्हायचं.) मजुरी ढढढ रुपये, मुकादमाचं नाव ढढढ, आणि प्रसंग पुढे सरकला. शेवटी यातल्या निम्म्या जागा भरायची गरजच उरत नाही.

याच जातीची आणखी एक चूक म्हणजे कथा चार जणांना सांगून बसणं. कट्ट्यावर ती रंगते, मित्र 'वा' म्हणतात, आणि लिहिल्याचं अर्धं समाधान तिथेच मिळून जातं. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले होते. आपण कोण होणार याविषयीचा इरादा दुसऱ्याने ऐकून घेतला की पुढचे प्रयत्न ढिले पडतात, असं त्यांना दिसलं. बहिणीला सांगायची गोष्ट मी वर म्हटली, ती मनातल्या मनात.

चूक पाचवी: सलग सुट्टीची वाट बघणं

'शनिवार-रविवार जोडून आले की बसतो.' जोडून येतात, आणि पाहुणे येतात.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेत आणि घर यांच्या रगाड्यात त्या गाणी रचत होत्या. ती लिहून ठेवण्याचं काम मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या माणसांनी केलं, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये ती आपल्यापर्यंत पोचली. त्यांची प्रतिभा कुठून आणायची हा प्रश्न वेगळा, पण एक गोष्ट उचलता येते: हात कामात गुंतलेले असले की मन कमी घाबरतं. भाजी निवडताना मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि प्रसंग बोलून टाका. मराठी बोलून टाइप करण्याची सोयही आता बऱ्यापैकी चालते. विरामचिन्हं गायब असतात आणि नावांची चित्रविचित्र रूपं होतात, त्यावर हसायचं आणि पुढे जायचं.

बसून लिहायचं असेल तर वेळेपेक्षा निमित्त ठरवा. गॉल्विट्झर यांचंच दुसरं काम, १९९९ चं, याविषयी आहे: 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं नेमकं बांधलेलं ठरवणं नुसत्या 'मी करीन'पेक्षा जास्त वेळा पार पडतं. 'रोज लिहीन' हे मोघम झालं. 'कुकर लावला की ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहीन' हे नेमकं. तीन शिट्ट्यांत पाच-सहा ओळी होतात. कधीकधी डाळ करपते.

चूक सहावी: एकदा सुरू झालं की आटेपर्यंत लिहिणं

आज घोडं चौखूर सुटलंय म्हणून रात्री दोनपर्यंत लिहायचं, प्रसंग पुरता संपवायचा, आणि उद्या परत कोरा कागद. म्हणजे सुरुवातीची भीती पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा पुढे काय होणार हे स्वच्छ माहीत असताना, वाक्य अर्ध्यावर सोडून उठावं. बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या विद्यार्थिनी मारिया ओव्सिआंकिना यांनी १९२८ मध्ये दाखवलं होतं की मध्येच तोडलेलं काम माणसं संधी मिळताच आपणहून पुन्हा हातात घेतात. अर्धवट कामं जास्त लक्षात राहतात, हा त्यांच्या सहाध्यायी ब्लूमा झायगार्निक यांचा १९२७ चा निष्कर्ष जास्त गाजला, पण पुढच्या प्रयोगांत तो दरवेळी टिकला नाही. आपल्याला ओव्सिआंकिनाबाईंचा पुरतो.

एवढं करूनही हलत नसेल तर

चार-पाच बैठका झाल्या, ओळी पडतायत, पण त्यांत जीव नाही. अशा वेळी दोष सुरुवातीचा नसून गोष्टीचा असू शकतो. ती तुम्ही स्वतःसाठी निवडली होती की 'यंदा अशा विषयांना मागणी आहे' म्हणून? मी एकदा शेतकऱ्यावरची कथा अशीच ओढत होतो. मग लक्षात आलं की मला त्याच्या घरी आलेल्या बँकेच्या वसुली अधिकाऱ्याबद्दल लिहायचंय. नजर बदलली आणि आठवड्यात कथा झाली.

आणि लिहिणंच नव्हे, तर जेवण, झोप, माणसांत बसणं यांतलं कशातच मन लागत नसेल आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस हे चाललं असेल, तर वहीपाशी झटत बसू नका. डॉक्टरांना भेटा.

राहता राहिली मुदत. ती हुकणार असं वाटलं तर संपादकांचा फोन यायच्या आधी तुम्ही करा. जाहिराती येतात तसा अंकाच्या पानांचा हिशेब त्यांना पुन्हा पुन्हा मांडावा लागतो. किती पानं होतील आणि कोणत्या तारखेला मिळतील, एवढंच सांगा. गोष्ट कशी सुरेख होणार आहे ते सांगू नका.